पस्तीस पावलांचा कॉरिडॉर

अहो, पण कुत्र्याला बरं वाटतंय, एवढं एक वाक्य घरात बोलायला किती वर्षांची सेवा झालेली लागते, तेवढं मला कुणीतरी सांगा! नाही, नियमच असेल तर असू दे, मी पाळीन... पहिली पाच वर्षं सुनेने फक्त माणसांच्या तब्येतीवर बोलावं, जनावरांवर सहाव्या वर्षापासून... असं कुठे लिहिलेलं असेल तर दाखवा. पण दाखवत कुणी नाही, नुसतं म्हणतात, ‘तू नवीन आहेस.’ लग्नाला साडेचार महिने झाले हो! साडेचार महिन्यांत बाळ कुशीवर वळतं, घरातली माणसं ओळखायला लागतं, आणि मला एक कुत्रा ओळखता येऊ नये?

आता हा कुत्रा कोण, ते सांगते. त्याचं नाव साहेब. वय अकरा, रंग तांबूस, कान पडलेले आणि पोट... असो. नाव बाबांनी ठेवलेलं. बाबा म्हणजे माझे सासरे, चौतीस वर्षं मोजणी खात्यात होते. लोकांच्या जमिनी मोजायच्या, कुणाचा बांध कुणाच्या शेतात सरकलाय ते सांगायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. ते म्हणतात, ‘जन्मभर साहेब साहेब करत ज्यांच्या मागे धावलो, त्यांनी एकदा वळून बघितलं नाही. म्हटलं, एक तरी साहेब असा पाळावा, जो हाक मारल्यावर येतो!’ आणि तो यायचा. पण गेल्या वर्षी त्याचा कमरेचा सांधा झिजला. उठताना कण्हायचा, दोन पावलं टाकून बसायचा, आणि बाबांनी हाक मारली की जागेवरूनच शेपूट आपटायचा... येतो म्हणायचा, आणि यायचा नाही. अगदी खरा साहेब झाला बिचारा.

गोळ्या झाल्या, शेक झाला. शेवटी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्टेम सेल करून बघू. आणि इतकं छान समजावलं त्यांनी! ‘त्याच्याच पोटावरची थोडी चरबी काढायची, आमच्या खालच्या प्रयोगशाळेत त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करायच्या, आणि त्याच दिवशी सुईने त्याच्या सांध्यात सोडायच्या. सूज उतरते, दुखणं कमी होतं, सांध्याला सावरायला मदत होते. सगळ्यांना गुण येतोच असं नाही हं, पण करून बघण्यासारखं आहे.’ किती स्वच्छ बोलल्या बाई! पण आमच्या घरात स्वच्छ बोललेलं स्वच्छ राहतं का कधी? सासूबाई, त्यांना मी आई म्हणते, त्या म्हणाल्या, ‘म्हणजे याचीच चरबी यालाच? अगंबाई, मग माझी घ्या की, मी घरादाराला पुरवीन!’ आमचा नवरा पुढे सरसावला, त्याला कुठलीही गोष्ट माहीत नसली की ती समजावून सांगायची फार हौस. ‘सोप्पं आहे गं आई, बियाणं असतं ना, तसं. पेरलं की नवीन पाय उगवतो.’ डॉक्टरीणबाईंनी क्षणभर डोळे मिटले. ‘पाय उगवत नाही,’ त्या म्हणाल्या. आणि तेवढ्यात नणंदबाईंचा फोन, स्पीकरवर, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा: ‘मी वाचलंय सगळं! शर्यतीच्या घोड्यांना करतात. पण एका डोसाने काही होत नाही म्हणे. दुसरा घ्याच!’

पहिला अजून झाला नव्हता. पण मी काय बोलणार? मी नवीन.

तर पहिला झाला. आणि तो दिवस मी विसरणार नाही, खरंच सांगते. त्याच्या हृदयात थोडी कुरकुर आहे, तपासणीत आधीच दिसलं होतं, म्हणून भूल अगदी बेताची दिली. ‘अर्ध्या तासात डोळे उघडेल,’ म्हणाल्या. पाच तास! पाच तास तो उघडीना. बाबांना बघवेना, ते बाहेर गाडीत जाऊन बसले. नवरा येरझाऱ्या घालत होता आणि दर फेरीला मला विचारत होता, ‘काय म्हणतोय?’ काय म्हणणार तो? जीभ बाहेर काढून पडला होता. मी फरशीवर बसून त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला होता... वर, खाली... वर, खाली... आणि मध्येच इतका वेळ काहीच नाही की माझाच श्वास अडकायचा. तोवर मी त्या कुत्र्याला धड हातही लावला नव्हता हो! मला कुत्र्यांची भीती वाटायची. पाच तासांत ती कुठे गेली, कळलं नाही. शेवटी त्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या ओढणीवर सगळं ओकला. मला इतका आनंद झाला! डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘उरलेल्या पेशी आम्ही गोठवून ठेवल्यात. सहा आठवड्यांत फरक नाही पडला तर दुसरा डोस देता येईल, पण पुन्हा भूल द्यावी लागेल. शक्यतो ती वेळ येऊ नये. पुढच्या वेळी तो असा उठेलच, असं मी सांगू शकत नाही.’

हे त्यांनी मला सांगितलं. मी घरात सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि विचारलं, ‘ओढणी धुतलीस का?’

मग सुरू झाले सहा आठवडे. नियम असे, की पट्ट्याशिवाय चालायचं नाही, जिना चढायचा नाही, उडी मारायची नाही. रोज वही लिहायची: भूक, झोप, दुखणं शून्य ते दहा, आणि चाल. आणि दर रविवारी त्याच्या चालण्याचा व्हिडिओ पाठवायचा, कारण दवाखान्यात तो भीतीने फरशीला चिकटतो, पाऊल म्हणून उचलत नाही. व्हिडिओ एकाच जागेवर, कुत्र्याच्या उंचीवरून, एक बाजूने आणि एक मागून. एवढं सगळं करणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘तू घरीच असतेस ना!’ घरी असते म्हणजे काय हो, घरून काम करते! लोकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करते. दिवसभर कानात आठ-आठ माणसं एकमेकांचं बोलणं तोडत असतात, त्यामुळे हेडफोन काढले की मला बोलावंसंच वाटत नाही. लोक म्हणतात, मुलगी शांत आहे. शांत कुठली, दमलेली असते!

तर खाणंपिणं, औषध, शी-शू हे माझ्याकडे. वही आणि पट्टा बाबांकडे. ‘त्याला माझ्या हाताची सवय आहे,’ ते म्हणाले, आणि त्यावर कुणाची छाती नव्हती बोलायची. वही तर त्यांनी अशी लिहिली की बघत राहावं. दुखणं किती? ‘सहा पूर्णांक चार.’ अहो, कुत्र्याचं दुखणं दशांशात! आणि चाल या रकान्यात काय लिहायचं, यावर तर ते एक सकाळभर विचार करत होते. मग त्यांना सुचलं. आमच्या मजल्याचा कॉरिडॉर, लिफ्टपासून त्या टोकाच्या खिडकीपर्यंत, बरोबर साठ फूट. आणि बाबांचं पाऊल बरोबर अडीच फूट! हे अडीच फूट आमच्या घरात फार पवित्र. टेप विसरली तरी बाबा पावलांनी शेत मोजायचे आणि वीतभरही चुकायचे नाहीत, ही गोष्ट मी लग्नाआधी दोनदा आणि नंतर अकरा वेळा ऐकली आहे. तर साहेबाला घेऊन बाबा कॉरिडॉर चालणार, पावलं मोजणार, आणि वहीत लिहिणार. पहिल्या रविवारी लिहिलं: ‘कॉरिडॉर, पंचवीस पावलं.’

साठ भागिले अडीच चोवीस होतात. पण एका पावलाने काय होतंय! आणि मी काय बोलणार? मी नवीन.

रविवारचं ते चित्रीकरण म्हणजे एक सोहळाच. नवरा कॉरिडॉरमध्ये पालथा पडलेला, मोबाइल फरशीला टेकवलेला. ‘बाबा, तुमचं धोतर नाही ना मध्ये येत?’ ‘अरे, मी पायजम्यात आहे!’ ‘हां, मग चला... आई, तू मध्ये येऊ नकोस.’ ‘मी कुठे मध्ये येतेय, मी दारात उभी आहे, दार माझ्या घराचं आहे!’ मग बाबा आणि साहेब निघायचे. चार पावलं... थांबायचे. पाच पावलं... थांबायचे. साहेब मान वर करून बाबांकडे बघायचा, बाबा खाली वाकून म्हणायचे, ‘दमलास का रे? दुखतंय? हळू, हळू, घाई नाही आपल्याला.’ आणि खिडकीपाशी पोचून कपाळ पुसत आकडा सांगायचे. दुसऱ्या रविवारी सत्तावीस. मग एकोणतीस. मग बत्तीस. ‘पाऊल आखूड पडतंय त्याचं,’ बाबा वही मिटून म्हणायचे, ‘मला त्याच्या बरोबरीने टाकावं लागतं ना.’ आणि त्या दिवशी जेवताना दुसरी पोळी कुणी मागायचं नाही.

आणि तुम्हाला सांगते, तोच कुत्रा चौथ्या आठवड्यात जिना चढला! दुपारची वेळ, बाबा झोपलेले, आई झोपलेल्या, मी कानात बैठक घालून टाइप करतेय. पार्सलवाला आला, सही केली, दार लोटलं ते नीट लागलं नाही. पाच मिनिटांनी बघते तर साहेब जागेवर नाही. धावत बाहेर गेले. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यावर, बाराव्या पायरीवर हा उभा! वर कठड्यावर मांजर, आणि हा तिच्यावर भुंकतोय, तरुणासारखा, चारही पायांवर सरळ! मला बघितलं आणि धडाधड उतरून आला. कण्हणं नाही, लंगडणं नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी मी सगळ्यांना सांगितलं, अगदी हरखून सांगितलं हो, की साहेब जिना चढला! तर घरात एकदम स्फोट. ‘दार उघडं ठेवलंस?’ ‘जिना बंद आहे ना त्याला!’ ‘सांध्यावर ताण आला असेल, म्हणूनच तो आज मलूल आहे!’ अहो, कुत्रा बरा झाला ही बातमी होती, आणि बातमी झाली माझ्या दाराची! नवरा रात्री समजुतीने म्हणाला, ‘तू नवीन आहेस, तुला त्याची चाल कळत नाही. तो मांजरीच्या भरात गेला असेल.’ बरं, दुसऱ्या दिवशी मी आईंना सांगितलं, की शी-शूसाठी माझ्याबरोबर खाली जाताना तो पट्टा ओढतो, मला धावावं लागतं. त्या म्हणाल्या, ‘नव्या माणसाबरोबर उत्साह असतो गं. आमच्याही लग्नानंतर यांना आठ दिवस होता.’

मी नवीन! मी नवीन म्हणजे जणू माझे डोळे अजून कंपनीच्या वेष्टनात आहेत!

पण व्हिडिओ पाठवायचं काम माझं होतं ना. मागचा पुढचा भाग कापायचा, नवऱ्याचं ‘चला, चला’ काढून टाकायचं आणि पाठवायचं. पाचव्या रविवारचा व्हिडिओ मी कापत होते. बाबांचा आकडा पस्तीस. मागून घेतलेला, कुत्र्याच्या उंचीवरून. त्यात दिसतात काय, तर साहेबाचे मागचे दोन पाय आणि बाबांचे दोन, गुडघ्यापासून खाली. आवाज बंद ठेवून बघितलं. मला ऐकायची सवय. पण न ऐकता बघितलं ना, तेव्हा दिसलं. साहेबाचे पाय सारखे पडत होते. बाबांचा उजवा पाय घासत होता. दर चार पावलांनी आधी थांबत होते ते बाबा. साहेब त्यांच्यापुढे अर्धं पाऊल जायचा, मागे बघायचा आणि थांबायचा. मग मी पहिल्यापासूनचे सगळे ओळीने बघितले. पंचवीस, सत्तावीस, एकोणतीस, बत्तीस, पस्तीस. अहो, कॉरिडॉर काही वाढत नाही! साहेबाला दर आठवड्याला बरं वाटत होतं, आणि बाबांना दर आठवड्याला... आणि वहीत दोघांचं मिळून एकच दुखणं लिहिलं जात होतं, साहेबाच्या नावावर.

आता हे सांगायचं कसं? ज्यांचं पाऊल म्हणजे घराण्याचा ठेवा, त्यांना नव्या सुनेने जाऊन सांगायचं, बाबा, तुमचे अडीच फूट आता पावणेदोन झालेत? नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘बाबांना? काही काय! ते अजून चार किलोमीटर चालतात.’ चालतात का तो बघायला जातो? नाही! ते सांगतात, म्हणून चालतात.

सहावा आठवडा उजाडला. डॉक्टरीणबाईंनी वही बघितली, व्हिडिओ बघितले, साहेबाला टेबलावर घेऊन पाय फिरवून बघितला आणि म्हणाल्या, ‘गंमत आहे. हाताला सांधा मोकळा लागतोय. पण चाल तर दर आठवड्याला मागे जातेय, पावलं वाढत चाललीत...’ त्यांना वाटलं ती साहेबाची पावलं! आणि बाबांना वाटलं, ती आपण मोजलेली आपली पावलं, हे बाईंना माहीतच आहे! दोघंही हुशार माणसं, दोघंही गंभीर चेहऱ्याने एकाच आकड्याकडे बघतायत, आणि आकडा बाबांच्याच पायांचा! मग दुसरा डोस ठरला. भूल द्यावी लागलीच तर म्हणून साहेब सकाळपासून उपाशी होताच. फोनवरून नणंदबाई, ‘मी म्हटलं होतं!’ नवऱ्याच्या हातात संमतीचा कागद आला, भुलीचा धोका आम्हाला समजावून सांगितला आहे वगैरे, आणि हा पेन काढून सही करायला लागला! बाबा साहेबाच्या कानामागे खाजवत होते. आणि मला त्या बरगड्या आठवल्या. वर, खाली... आणि मग काहीच नाही.

मी म्हटलं, ‘थांबा.’

इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या पिंजऱ्यातला पोपटही गप्प झाला.

‘काय गं?’ आई म्हणाल्या. मी काही समजावत बसले नाही, समजावणं आमच्या घरात चालत नाही. पट्टा घेतला आणि साहेबाला मागच्या अंगणात नेलं, जिथे मऊ माती आहे. तो फरशी सोडून मातीवर आला मात्र, मला जो ओढत निघाला! भिंतीपर्यंत, तिथून वळून झाडापर्यंत, माझी एक चप्पल तिथेच राहिली. डॉक्टरीणबाई दारात उभ्या, नवरा पेन उघडं धरून उभा. आणि मग बाबा खुर्चीवरून उठले आणि आमच्या दिशेने चालायला लागले. साहेबाने वळून बघितलं. पट्टा माझ्या हातून सुटला. तो सरळ धावत बाबांपाशी गेला, त्यांच्या डाव्या बाजूला लागला, मान खाली घातली आणि... चार पावलं... थांबला. पाच पावलं... थांबला.

डॉक्टरीणबाई खाली बघत होत्या. मग हळूहळू वर बघायला लागल्या. ‘बाबा,’ त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘तुम्ही जरा एकटे चालून दाखवता का?’

‘मी? मला काय झालंय?’

‘वहीतली पावलं बाबांची आहेत,’ मी म्हटलं. ‘साहेबाची नाहीत.’

बाबांनी वही मागून घेतली. एकेका पानावर बोट ठेवत गेले. पस्तीसवर बोट थांबलं. मला वाटलं, आता ओरडतील, आणि खरं सांगते, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘आपलं पाऊल आखूड झालं असेल, हे मोजणाऱ्याच्या मनात कधी येतच नाही गं. वाटतं, जमीनच वाढली असेल.’ आणि साहेबाकडे बघून म्हणाले, ‘तू माझ्यासाठी थांबत होतास होय रे, गाढवा?’ माझा राग तिथे क्षणभर विरघळला, मी कबूल करते.

क्षणभरच! कारण गाडीत बसलो मात्र, आणि आई म्हणाल्या, ‘मी कधीची म्हणतेय यांना, पाय दाखवा!’ कधी? कुणाला? नवरा गाडी वळवत म्हणाला, ‘मला तिसऱ्याच व्हिडिओत शंका आली होती.’ तिसऱ्या! जो माणूस पाचव्यानंतर मला ‘काही काय’ म्हणाला, तो! आणि नणंदबाई फोनवर, ‘मी म्हटलं नव्हतं, दुसरा डोस घाईने घेऊ नका?’ अहो, मी टाइप करणारी बाई आहे, माझ्याकडे त्यांचं बोलणं शब्दन् शब्द आहे! पण काढून दाखवणार कशी? मी नवीन.

तर दुसरा डोस टळला. बाबांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. कमरेचा सांधा, तोच, त्याच बाजूचा. तिथे त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘त्या कुत्र्याचं केलंत, तसं माझं का नाही करत?’ डॉक्टर म्हणाले, आधी गोळ्या, व्यायाम आणि रोज अगदी सावकाश पंधरा मिनिटं चालणं, हातात काठी घेऊन. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साहेबाचे स्नायू भरायला हवेत, त्याला रोज भरभर अर्धा तास चालवा. झालं! एकाला सावकाश, एकाला भरभर, आणि दोघंही एकमेकांशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. बाबा काठी घेत नाहीत, म्हणतात, ‘काठी मान वळवून बघते का?’ साहेबाला पुढे नेलं तर तो चार पावलांवर बसून मागे बघतो. मग मार्ग एकच: बाबांनी इमारतीपुढून सरळ, सावकाश चालायचं, आणि मी साहेबाला घेऊन त्यांच्याभोवती गोल गोल पळायचं, म्हणजे बाबा त्याला सतत दिसतात आणि अर्धा तासही भरतो. येणारे-जाणारे थांबून बघतात. एकाने तर विचारलं, नवस आहे का?

साहेब आता झक्क आहे. बाबांचाही पाय सुधारतोय. माझ्या मात्र पोटऱ्या दिवे लागायच्या सुमाराला अशा दगड होतात की खुर्चीतून उठवत नाही. परवा न राहवून मी जेवताना बोलले, पाय फार दुखतात हो माझे. चौघांनीही माझ्याकडे बघितलं, साहेब धरून. आणि बाबा मायेने म्हणाले, ‘होतं गं तसं. चालायची सवय नाही ना तुला.’